यंदा एकच, तर कोणती?

१ मार्च, रविवार
अठरा किमी. बोरगाव मेघेहून सेलूच्या रस्त्यानं नऊ, तेवढेच परत. गुडघा गप्प होता. डॉक्टरनं काल स्पष्टच सांगितलं, "मॅडम, यंदा पूर्ण बेचाळीसची मॅरेथॉन एकदाच. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू."
एकच, म्हणजे निवड चुकून चालत नाई. मागच्या साली समुद्राकाठच्या शहरात छत्तिसाव्या किमीले मागून बस आली अन् मले उचललं. वेळ संपली म्हणे. एवढी लाज मले जन्मात वाटली नवती. यंदा आपल्या पायानं शेवटची रेघ ओलांडायची, बाकी काई नाई पाहिजे.

८ मार्च
दुकानात गिऱ्हाईक कमी. बियाण्याच्या पोस्टरमागं तक्ता केला. नागपूरकडची: सपाट, जवळ, पण मुदत सहा तास. मले लागतात सहा चाळीस. काट. समुद्राकाठची: दमट, घामानंच अर्धी होते. काट. पुण्याकडची: चढ हाय, पण हवा थंड अन् मुदत सात तास!
ओळखीच्या दोघातिघांले फोन केले. पाणी कितव्या किमीले? संडास किती? चढ आधी का नंतर? हे गल्ल्यावरून म्हणे, "तुले पाहाले आलो तवा मी एवढी चौकशी नवती केली वं."
केली असती तर बरं झालं असतं, म्हटलं.

२२ मार्च
चढाचा सराव. आपल्याकडे टेकडी कुठची? जामले हायवेच्या पुलावर गेलो. हे गाडी लावून चहा पीत बसले, मी पुलावर वर-खाली बारा वेळा. टपरीवाला ह्यायले विचारे, "काकूंचं काई पडलं का?"
पोटऱ्या भरल्या. मजा आली पण.

५ एप्रिल
भरला फॉर्म! पुण्याकडची, २० सप्टें., रविवार.
एकच धास्ती होती, गणपतीतल्या महालक्ष्म्यांची. आमच्याकडे तीन दिवस, सोळा भाज्या, पुरण, आंबील, साठ-सत्तर पानं. त्यानंतर दहा दिवस पाय माह्ये राहत नाईत. जुनी रोजनिशी काढली: मागच्या साली ३१ ऑगस्टले आल्या. सण दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, म्हणजे यंदा २० ऑगस्टच्या आसपास. महिनाभर आराम. स्वतःच्या हुशारीवर लय खूश.
धाकट्या जावेले तळेगावले फोन केला. "ताई, पळाचंच हाय तर स्टँडवरून आमच्या घरी पळत या. चहा तरी भेटीन."

२० मे
ऊन मरणाचं. पहाटे बारा किमी, त्यातही चक्कर.
सकाळी सासूबाई म्हणे, "जावयाले धोंड्याचं जेवण सांगजो, महिना लागला." मी हो म्हटलं, कणिक मळली. मळता मळता हात थांबला. धोंड्याचा महिना! अधिक मास! म्हणजे पुढचे सगळे सण महिनाभर लांबले. तशाच कणकेच्या हातानं कॅलेंडर उलटलं. महालक्ष्म्या १७, १८, १९ सप्टें. शुक्रवारी पूजा-जेवण, शनिवारी विसर्जन. रविवारी माह्यी शर्यत.
कृषी केंद्र चालवतो मी! कोणत्या नक्षत्रात काय पेराचं हे लोकायले सांगतो. अन् यंदा तेरा महिने हायेत हे मलेच दिसलं नाई. काय म्हणावं या अकलेले.

२४ मे
तक्ता पुन्हा मांडला. थंडीतल्या सगळ्या सहा तासांच्या. सात तासांची तेवढी एकच.
शुक्रवारी संध्याकाळी पंगत उठताच गाडी धरली तर शनिवारी पुणे. पण विसर्जनाले मी नाई, अन् पाय तर शुक्रवारीच गेलेले. जाऊ म्हणे, "तुम्ही गुरुवारीच निघा ताई. मी येतो, सोळाही भाज्या करतो." बाई सोन्याची हाय. पण घरात विचारावं कसं?
ह्यायले विचारलं. "आईले तूच विचार," म्हणे. पळपुटा!

३१ मे
विचारलं शेवटी. सासूबाई अनारशाचं पीठ चाळत होत्या. एकोणऐंशीच्या झाल्या, चाळण हातातून सुटत नाई.
"बेचाळीस म्हणजे कुठलोर?"
"जामलोर धरा, आई."
"मंग पळत काऊन? एसटी बंद हाय का?"
हसलो दोघी. मंग त्यायनं नीट विचारलं. किती बाया असतात, वय काय, पडलं तर कोण उचलतं. मी सगळं सांगितलं, मागच्या सालचं रडणंही. ते घरात कोणालेच सांगितलं नवतं.
"पुढच्या साली पळजो."
"पुढच्या साली गुडघा साथ देईल का नाई, माहीत नाई, आई."
चाळण थांबली. "महालक्ष्म्या पुढच्या साली माह्या हातून होतीन का, मले तरी कुठं माहीत हाय."
रागानं नाई म्हटलं. साधंच म्हटलं.
पिठाचा डबा त्यायच्याकडे सरकवला अन् बाजूले बसली. भरलेला फॉर्म अजून रद्द केला नाई.