चारचा फोन

२ मार्च, सोमवार

डबे पुन्हा लावले. महिन्यात तिसऱ्यांदा! आता डाळी वर, पिठं खाली. प्रत्येकावर चिठ्ठी चिकटवली. साखरेवर लिहिलं — 'बेताने'. मिठावर — 'आधी चव बघा'. संध्याकाळी हे कामावरून आले, चष्मा कपाळावर चढवून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या आणि म्हणाले, "तू सुटलीस नोकरीतून, डबे अडकले."

अख्खी हयात जाहिराती लिहिण्यात गेली. निवृत्त होऊन महिना झाला तरी हात शिवशिवतात. यांची अजून दोन वर्षं बाकी आहेत. दुपारी घर खायला उठतं.

भिंगरीचा आज एजन्सीतला पहिला दिवस. आमची एकुलती एक लेक, आणि निवडलं काय तर आईचंच खातं! परगावी, दोन महिने इंटर्न. रात्री दोन वाक्यं बोलली — "खुर्ची मिळाली. काम नाही मिळालं."

३ मार्च

मलाही पहिल्या दिवशी खुर्चीच मिळाली होती. तीही डुगडुगती.

सकाळपासून तेच डोक्यात आहे. लाकडी जिना, वरचा मजला, रबर सोल्युशनचा वास. अक्षरं कागदावर छापून यायची, ती ब्लेडनं कापून आम्ही चिकटवायचो. कापलेल्या पट्ट्या चपलांना चिकटायच्या. एकदा वसतिगृहाच्या खोलीवर पोचले तर टाचेला 'मोफत' चिकटलेलं! मैत्रीण आठवडाभर तेवढ्यावर हसत होती.

तेव्हा इंटर्न म्हणत नसत, शिकाऊ म्हणत. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातले आम्ही दोघे शिकाऊ — मी आणि लंबू. आणि आमच्या डोक्यावर मुख्य बाई. आम्ही पाठीमागे त्यांना सासूबाई म्हणायचो. पांढरी साडी, तांबडी पेन्सिल, तोंडावर माशी बसली तरी हलायची नाही. माझी खरी सासू पुढे इतकी गरीब निघाली की मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी मला विचारलं, "घरी कोण असतं?"

म्हटलं, बाबा. एकटेच असतात. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, तेही सांगितलं.

"फोन आहे?"

"दुकानात आहे."

बस्स. पुढे 'अरेरे' नाही की 'बस' नाही. पेन्सिल पुन्हा कागदावर. किती कोरडी बाई, असं वाटलं होतं मला.

५ मार्च

दुपारी चारला भिंगरीचा फोन. एरवी ही पोरगी चारला कधी फोन करते!

"आई, ऐक ना. आमच्या शेजारची बाई रोज कुंडीतल्या झाडाशी गप्पा मारते."

"मग?"

"आता झाड उत्तर द्यायला लागलंय."

मग ट्यूब पेटली — "अगं कार्टे, ही तर खताची जाहिरात!"

तिकडून खिदळणं. म्हणे, त्यांच्याकडेही माझ्या सासूबाईंसारखी एक बाई आहे. लिहिलेलं घरी फोन लावून वाचायचं, जाहिरात आहे हे सांगायचं नाही. ऐकणाऱ्यानं 'मग?' विचारलं तर पास. नुसतं 'बरं' म्हटलं तर पुन्हा लिहा.

अगदी सासूबाईंचाच नियम! भिंगरी लहान होती तेव्हा जेवताना तिला या गोष्टी सांगायचे. घास अडला की फोनची गोष्ट. आता तिच्याच नशिबी आलं.

६ मार्च

काल लिहिता लिहिता थांबले. आज सगळं लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

बाबांचं औषधांचं दुकान. फोन गल्ल्याशेजारी, त्यामुळे मागे कुणाचं तरी खोकणं नेहमी ऐकू यायचं. बाबा मुळातच कमी बोलणारे. गोळ्या मोजून द्याव्यात तसे शब्द द्यायचे. आई गेल्यावर तेही बंद झाले. सुट्टीत घरी गेले की आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवायचो आणि पाण्याच्या भांड्याकडे बघायचो.

माझी पहिली जाहिरात कपडे धुण्याच्या पावडरीची. रात्र जागून लिहिली. सासूबाईंनी वाचलीसुद्धा नाही. फोन माझ्याकडे सरकवला. "घरी लाव. वाचून दाखव. जाहिरात आहे म्हणू नकोस."

कंपनीच्या फोनवरून परगावी! बाबांनी उचलला. मी वाचलं — "शुभ्रतेचा नवा सूर्योदय, आता आपल्या दारी."

बाबा म्हणाले, "ताप आहे का तुला?"

सासूबाई पाठ करून बसल्या होत्या. "काय म्हणाले?" मी सांगितलं. पाठ जराशी हलली — हसल्या असाव्यात, शपथेवर नाही सांगणार. म्हणाल्या, "बापाला जो ताप वाटतो तो गिऱ्हाइकाला विकायचा नाही."

पुढे पस्तीस वर्षं माझ्या हाताखालच्या प्रत्येक पोराला हेच सांगत आले.

९ मार्च

आज भिंगरीनं गादीची जाहिरात वाचली. बेतास बात. तरी 'मग?' म्हटलं. नवीन आहे, चालायचंच.

१३ मार्च

एक नवीनच भानगड कळली. तिघं इंटर्न आहेत, दोन महिन्यांनी एकालाच ठेवणार. भिंगरी म्हणाली, "त्यामुळे तुझा शब्द मोलाचा आहे, आई." आता माझ्या जिवाला घोर! खोटं 'मग?' म्हणावं तर पोरगी शिकणार कशी? 'बरं' म्हणावं तर नोकरी जायची. इकडे आड तिकडे विहीर.

यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "तुझी नोकरीसुद्धा बापाच्या एका शब्दावरच लागली होती की."

गमतीत म्हणाले. पण लागलं मला. खूप लागलं.

१४ मार्च

कारण तो माझा जुना सल आहे.

कुलपाची जाहिरात. त्याच चार ओळींवर सासूबाईंनी मला कायमची ठेवून घेतली. अजून तोंडपाठ आहे — 'काल आम्ही किल्ली घरात विसरलो. कुलूपवाल्यानं दोन तास खटपट केली. शेवटी खिडकीची काच फोडावी लागली. कुलूप मात्र छान आहे.'

पहिलं वाक्य संपताच बाबा म्हणाले, "मग?" दुसऱ्यालाही "मग?" आणि सगळं संपल्यावर, जिथे पुढे काही नव्हतंच, तिथेही — "मग?"

तेव्हा हवेत तरंगत होते. पण नंतर लक्षात यायला लागलं की त्या तापानंतर बाबा प्रत्येक जाहिरातीला 'मग?' म्हणायला लागले होते. रद्दी जाहिरातींनाही. झाडूच्या जाहिरातीला म्हणाले! एकदा सरळ विचारलं, "बाबा, तुम्हाला खरंच पुढचं ऐकायचं असतं का?"

"गिऱ्हाईक उभंय. ठेवतो."

पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. आता बाबाही नाहीत. मी चांगलं लिहीत होते, की बाप लेकीला पास करत होता? इतकी बक्षिसं भिंतीवर लावली, पण हा प्रश्न काही त्यांच्यामागे झाकला गेला नाही.

लंबूला ही कटकट नव्हती. त्याचं घर पलीकडच्याच गल्लीत. त्याचे कागद सासूबाई स्वतःच तपासायच्या आणि तांबड्या पेन्सिलीनं झोडपून परत द्यायच्या. तो म्हणायचा, "तुझी मजा आहे बाई."

१९ मार्च

ठरवलं — खरं बोलायचं. आज भिंगरीनं चपलांची जाहिरात वाचली. 'प्रत्येक पावलात नवं स्वप्न.' अरे देवा. मी म्हटलं, "बरं."

तिनं "ओके आई" म्हणून ठेवून दिला.

२० मार्च

फोन नाही.

२१ मार्च

फोन नाही. चार वाजता फोनशेजारी बसून शेंगा सोलल्या. नको होत्या तरी सोलल्या. हे म्हणाले, "तूच लाव की." का लावू? मी खरं तेच बोलले.

२३ मार्च

आला! चार वाजून गेले होते. मी दुसऱ्या घंटेलाच उचलला, लाज सोडून.

डोकेदुखीच्या बामाची जाहिरात होती. टुकार. ऐकून माझंच डोकं दुखायला लागलं. पण ती थांबली आणि माझ्या तोंडून निघून गेलं — "मग?"

तिच्या नोकरीसाठी नव्हे. शिकवण्यासाठी नव्हे. आता ही ठेवणार, मग पुन्हा संध्याकाळपर्यंत मी आणि डबे, म्हणून.

फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. बाबा दिसले. दुकानाचं दार अर्धं ओढलेलं, घरी जाऊन बोलायला कुणी नाही, हातात फोन. वेडे कुठले. कुलपाशी त्यांना काय देणंघेणं होतं! त्यांना मी हवी होते, आणखी एक वाक्यभर.

पोटभर रडले. मग चहा केला. बरं वाटलं.

म्हणजे जाहिरात चांगली होती की नाही, ते कळलंच नाही. राहू दे. तो सल आता टोचत नाही, जागेवर आहे एवढंच.

२ एप्रिल

आता रोज 'मग?' म्हणते. भरपूर म्हणते. पोरगी सुधारली पण आहे हं! बादलीची जाहिरात झकास होती.

१८ एप्रिल, शनिवार

भिंगरी दोन दिवसांसाठी आली आहे. पिशवी टाकली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या, पोट धरून हसली. दोन महिने भरायच्या आधीच नोकरी पक्की झाली! मी यांच्या हातावर साखर ठेवली. बेताने.

जेवताना म्हटलं, "तुमच्या त्या बाईंना माझा नमस्कार सांग. विचार, माझं 'मग?' कसं वाटलं."

बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. हे ताटात बघायला लागले. मग भिंगरी हळूच म्हणाली, "आई, अशी कुणी बाई नाहीये. आमच्याकडे कुणीच घरी फोन लावत नाही. सगळं आकड्यांवर ठरतं, मोबाइलवर किती जणांनी जाहिरातीला बोट लावलं त्यावर."

"मग त्या जाहिराती?"

"चहाच्या सुट्टीत लिहायचे. तुझ्यासाठी." मग म्हणाली, "बाबा म्हणाले, तू दुपारी डब्यांशी बोलतेस. नुसता फोन केला असता तर 'काम कर जा' म्हणून ठेवून दिला असतास. आणि मला नोकरीचं कळून पंधरा दिवस झालेत. सांगितलं असतं तर फोन संपले असते ना."

मी रागावणार होते. जमलं नाही. म्हटलं, "आणि ते 'प्रत्येक पावलात नवं स्वप्न'?"

"ती मात्र खरंच मन लावून लिहिली होती गं."

हसता हसता मला ठसका लागला. हे पाणी घेऊन आले.

२० एप्रिल

भिंगरी गेली. चार वाजता लंबूला फोन केला, किती वर्षांनी! म्हातारा आवाज झालाय. सगळी गंमत सांगितली. म्हटलं, सासूबाईंचा तो फोनचा नियम बघ, पोरीनं कसा वापरला.

लंबू म्हणाला, "कुठला नियम?"

म्हटलं, अरे, घरी फोन लावून वाचायचं, तो.

"आम्हाला कुणालाच नव्हता. माझ्या आधीच्यांना नाही, नंतरच्यांना नाही. बाई तुला एकटीलाच रोज घरी फोन लावायला लावायच्या. आई गेलीय तुझी, एवढंच माहीत होतं आम्हाला, म्हणून कुणी काही बोललं नाही. तुला माहीत नव्हतं?"

सासूबाई जाऊन किती वर्षं झाली. आता कुठे लावू फोन?