कर्जावरचा लाल टॅग

३ मार्च
बाबांचे रिटायरमेंटचे पैसे खात्यात आले. चहा उकळेपर्यंत त्यांचं ठरलंसुद्धा. "घराचं लोन बंद करून टाकू." बाबांच्या प्लांटचं क्वार्टर सोडायचं म्हणून कुरुदला हे घर घेतलं. बाबांचं वय बघून बँक लोन देईना, सही मी केली. हप्ता माझ्या पगारातून.
मी "बघू" म्हटलं. बाबांना 'बघू' आवडत नाही.

४ मार्च
शाळेच्या ऑफिसात फीच्या पावत्या फाडता फाडता डोक्यात हाच हिशोब. एफडीचं व्याज कमी, लोनचं जास्त. म्हणजे बाबांचंच बरोबर. चुकीचं निघालं असतं तर बरं झालं असतं.
पण पेन्शन एवढीशी. सगळं बँकेत भरलं की सायकलच्या ट्यूबसाठीही माझ्याकडे मागायची वेळ. आणि ते मागणार नाहीत, पायी जातील.

७ मार्च
घाई का, ते आज कळलं. मेथी निवडताना आईच्या तोंडून निसटलं. बोरसीच्या स्थळाचा फोन आला होता. मुलाच्या आईने विचारलं, "लग्नानंतर हप्ता कोन भरन?"
"मले कावून नाही सांगितलं?"
"तुले सांगून? रात्रभर जागली असती."
ते खरं.
त्या बाईंचं विचारणं चूक नाही. मुलगाही बरा वाटला होता. पण मी मोकळी व्हावी म्हणून बाबांनी रिकामं व्हायचं?

८ मार्च
बाबांशी बोलले. आवाज चढला. माझाच. लाज वाटते.
"कावून एवढं टेन्शन घेऊन राहिली? हे ओझं तुह्यावर मीच टाकलं. ज्यानं टॅग लावला त्यानंच काढा लागते."
बाबा प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन होते. दुरुस्तीला मशीन बंद केलं की स्विचवर लाल टॅग, त्यावर लावणाऱ्याचं नाव. दुसऱ्याने हात लावायचा नाही, आत माणूस असतो. हे मला अक्षरांच्या आधी शिकवलेलं.
म्हटलं, "टॅगवर नाव कोनाचं हाय? सही माही हाय, बाबा."
"लय हुशार झाली." जेवताना मात्र स्वतःचा पापड माझ्या ताटात.

९ मार्च
सुचवलं: अर्धे भरा, अर्धे ठेवा. हप्ता कमी होईल.
आई: "म्हंजे अर्धा हप्ता हुंड्यात नेशील?" बाबा हसले. मीपण. मग कोणीच नाही.
मुलालाच मेसेज केला. 'हप्ता लग्नानंतरही मीच भरेन. चालेल?' पाठवण्याआधी कितीदा वाचला. उद्धट तर नाही ना?
निळ्या टिक आल्या, म्हणजे वाचला. उत्तर नाही.

१२ मार्च
उत्तर नाहीच. अर्धी सुट्टी काढून बाबांसोबत बँकेत. काउंटरवरच्या मॅडम, "पूरा बंद करना है कि कुछ पार्ट में?"
बाबांनी चेकवर सही केली. रकमेची जागा कोरी ठेवून चेक आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.
"इससे पूछिए. टैग इसका है."
मॅडमना काही कळलं नाही. मागे रांग. मी म्हटलं, दो मिनट. दोघं बाकावर जाऊन बसलो.
"हडबड करू नको," बाबा म्हणाले. "टॅग काढाच्या आधी आत कोनी हाय का, ते पाहा लागते."
मी त्यांच्याकडेच पाहत होते. चष्मा पुसून राहिले होते, शर्टाच्या टोकाने.
पेन अजून माझ्याच हातात.