बावीस बाटल्या उलट्या केल्याबाबत

दिनांक : १६ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. अध्यक्ष,
शैक्षणिक सचोटी चौकशी समिती,
आंतरविद्याशाखीय संशोधन विभाग,
विद्यापीठ कार्यालय, मुंबई.

अर्जदार : श्यामसुंदर गोविंद कोचरेकर, वय ७१, निवृत्त मुख्य लिपिक, मानद सचिव, समाधान सहकारी गृहनिर्माण संस्था, मुलुंड (पूर्व).

विषय : कु. गंधाली पेडणेकर यांच्यावरील खोट्या आकडेवारीचा ठपका काढून तो अर्जदारावर ठेवणेबाबत.

संदर्भ : कु. पेडणेकर यांना आलेली आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २७ जानेवारी २०२६ (सुनावणी दि. २० फेब्रुवारी).

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, सदर नोटिशीचे उत्तर वास्तविक कु. गंधाली पेडणेकर यांनी द्यावयाचे आहे. (यापुढे नुसते गंधाली. तिला दुसऱ्या नावाने संबोधण्याची अर्जदारास सवय नाही.) ते उत्तर लिहून देण्याची विनंती तिने अर्जदारासच केली. अर्जदाराने छत्तीस वर्षे सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळली असल्याने, "काका, तुमचं सरकारी मराठी एकदम कडक आहे, तुम्हीच लिहून द्या ना," असे तिचे म्हणणे पडले. अर्जदाराने नोटीस वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि उत्तराऐवजी हा अर्ज लिहावयास घेतला. कारण नोटिशीत ज्या लबाडीची विचारणा आहे, ती झालेली आहे. फक्त ती गंधालीने केलेली नाही, अर्जदाराने केली आहे. तिला याची आजही कल्पना नाही.

२. पार्श्वभूमी समितीस ठाऊक आहेच, तरी फाइल पूर्ण असावी म्हणून गंधालीच्या प्रबंधातले तीन प्रश्न नमूद करतो. काचबिंदू झालेली म्हातारी माणसे डोळ्यांत थेंब वेळेवर घालतात का, हा प्रश्न नेत्रवैद्यकाचा. बाटलीवर बसवलेल्या बिनतारी सेन्सरने ते कसे कळवायचे, हा संगणकाचा. अशी नवी वस्तू एका घरातून दुसऱ्या घरात कशी पसरते आणि लोक ती का स्वीकारतात, हा नवकल्पनांच्या अर्थशास्त्राचा. मार्गदर्शकही तीन. दोन दगडांवर पाय ठेवू नये म्हणतात. या मुलीने तीन दगड निवडले आणि ते आमच्याच जिन्यावर आणून मांडले.

३. गेल्या जूनमध्ये तिने संस्थेतील बावीस ज्येष्ठ सभासदांच्या बाटल्यांना प्लास्टिकचे एकेक आवरण चढवले. बाटली उलटी करून दाबली की आवरण ते टिपून घेई आणि शेजारच्या घरातल्या आवरणास निरोप देई. ते पुढच्यास सांगे. अशा कानगोष्टी करत निरोप जिना उतरून संस्थेच्या कार्यालयातल्या पेटीत पोहोचे. तिसऱ्या मजल्यावरील द्रौपदीबाई मयेकर यांनी या आवरणाला पहिल्याच दिवशी 'टोपरे' म्हटले व तेच नाव रूढ झाले. थेंबांच्या वेळा सकाळी आठ आणि रात्री आठ अशा होत्या. गंधाली दर गुरुवारी दुपारी चार वाजता येई, पेटी तपासी आणि जाताना कोणाचे लाइट बिल, तर कोणाच्या कानातल्या यंत्राची बॅटरी बघून जाई.

४. पहिल्या महिन्याचे आकडे वाईट आले. शंभरांपैकी द्रौपदीबाईंचे एकतीस, अर्जदाराचे चव्वेचाळीस. आपण थेंब विसरतो हे प्रत्येकाला ठाऊक होते. परंतु गंधालीने कोणालाही बोल लावला नाही. "तुम्ही घातलेच असणार. माझं टोपरंच नीट पकडत नाहीये," असे म्हणून ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसली आणि बारीक स्क्रूड्रायव्हरने एकेक टोपरे उघडून नसलेला बिघाड शोधू लागली. दोन तास ती शोधत होती. सभासद दारादारांतून पाहत होते. तीन घरांतून चहा बाहेर आला, खरे मात्र एकाही घरातून बाहेर आले नाही. त्या दिवशी अर्जदाराला स्वतःची लाज वाटली.

५. त्याच संध्याकाळी कार्यालयात तातडीची सभा भरली. इतिवृत्तात द्रौपदीबाईंचे म्हणणे जसेच्या तसे आहे : "पोर जिन्यार बसान मशीन खोलता, आणि आमी वरसून बघतंव. माका काय ता बरा वाटाक नाय. आपल्यापायी तिचा नुकसान नको." त्यावरून ठराव झाला की, यापुढे गंधालीचे आकडे चांगले यावेत. अनुमोदन सोनूबाई राणे यांनी दिले, ज्या तेव्हा हयात होत्या. ठराव एकमताने मंजूर झाला. सर्वांनी थेंब वेळेवर घालावेत, असाही ठराव करता आला असता. तो कोणाच्या डोक्यात आला नाही.

६. अंमलबजावणी अर्जदाराकडे आली आणि अर्जदाराने ती, सांगण्यास संकोच वाटतो, फार उत्तम केली. बावीसही टोपरी काढून जुन्या रिकाम्या बाटल्यांवर चढवली. त्यांत पाणी भरले. बाटल्या कार्यालयातल्या टेबलावर ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. पाळीपत्रक लावले. ज्याची पाळी असेल त्याने आठाच्या ठोक्याला बाटल्या एकामागून एक उलट्या करून मनीप्लँटच्या कुंडीत दाबायच्या. गुरुवारी दुपारी बाटल्या घरोघर परत, पाच वाजता पुन्हा ट्रेमध्ये. मनीप्लँट आता खिडकीबाहेर गेला असून त्याची तब्येत बावीसही सभासदांपेक्षा चांगली आहे.

७. आता आपल्या नोटिशीतील शंकांकडे वळतो.

(अ) पाच महिन्यांत एकही बिनतारी निरोप वाटेत हरवला नाही, हे अशक्य असल्याचे आपण म्हणता. बावीस बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि पेटी त्याच टेबलावर होती. निरोपाला जायचेच होते हातभर. संगणकाच्या मार्गदर्शकांनी या यशाबद्दल परदेशातल्या परिषदेत भाषण केल्याचे कळते. त्यांना हे कसे सांगावे, ते समितीने ठरवावे.

(आ) गणपतीत चौदा सभासद कोकणात असताना त्यांचे थेंब मुलुंडला कसे पडले, ही शंका रास्त आहे. अर्जदार बाटल्यांसाठी मागे राहिला होता. कोचरे गावच्या घरचा गणपती अर्जदाराने एकवीस वर्षांत पहिल्यांदा चुकवला. सौ. माणिक, अर्जदाराची पत्नी, एकटी पुतण्याबरोबर गेली. "बाटल्यांना सोबत हवी म्हणून मी एकटी जाऊ?" असे ती म्हणाल्याचे स्मरते. अर्जदाराने त्यावर होय म्हटले.

(इ) सोनूबाई राणे ९ ऑक्टोबरला वारल्या आणि त्यानंतर अकरा दिवस त्यांनी बिनचूक थेंब घातले, हे आपण लाल शाईने अधोरेखित केले आहे. खुलासा असा की, मृत्यूच्या दाखल्याची प्रत कार्यालयात आवक झाल्याखेरीज कोणाचेही नाव यादीतून वगळू नये, हा नियम अर्जदाराचाच होता. दाखला २० तारखेला आला. सोनूबाईंनी हयातीत इतके नियमाने औषध कधीच घातले नव्हते. त्या असत्या तर सर्वांत मोठ्याने त्याच हसल्या असत्या.

८. अर्थशास्त्राच्या मार्गदर्शकांनी आमच्या संस्थेतील 'नवकल्पनेचा संपूर्ण स्वीकार' पाहून आनंद व्यक्त केला होता. तो आनंद सर्वस्वी चुकीचा नव्हता. नवकल्पना खरोखर पसरली, फक्त ती आमची होती. शेजारच्या संस्थेच्या सचिवांनी पाळीपत्रकाची झेरॉक्स नेली. तिथल्या ज्येष्ठांना त्यांच्या मुलांनी पावले मोजण्याचे पट्टे पाठवले आहेत. ते नऊच्या नऊ पट्टे हल्ली तिथल्या वॉचमनच्या दोन्ही हातांवर रोज सकाळी फेऱ्या मारतात. मुले तिकडे खुश आहेत. यात अर्थशास्त्राला काही घेण्यासारखे आहे असे अर्जदारास नम्रपणे वाटते. लोकांनी नवी वस्तू स्वीकारली ती वस्तूसाठी नव्हे, ती देणाऱ्याचे मन मोडू नये म्हणून. भिडेचे मोल कोणत्या कोष्टकात बसते ते गंधालीच सांगू शकेल, अर्थात आपण तिला सांगू दिलेत तर.

९. सगळ्यांना फसवता आले, डोळ्यांना आले नाही. डिसेंबरात नेत्रतज्ज्ञांनी आम्हा एकवीस जणांना तपासले, तेव्हा चौदा जणांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला निघाला. औषध वेळेवर आणि दाब वाढता, हे कोडे गंधालीने जसेच्या तसे प्रबंधात लिहिले. आकडे बनवणारी असती तर दाबाचेही बनवले असते, एवढे समितीने ध्यानात घ्यावे. २९ जानेवारीच्या गुरुवारी ती आली तेव्हा नोटीस तिच्या पर्समध्ये होती, पण ती तिने नंतर काढली. आधी विचारले, "काका, औषधाची बॅचच खराब होती का हो? मी तुमच्या सगळ्यांच्या डोळ्यांची वाट तर नाही ना लावली?" पदवी जायची वेळ आलेली मुलगी आमच्या डोळ्यांची काळजी करत होती.  

१०. मात्र एक गोष्ट समितीच्या उपयोगी पडेल. अर्जदाराने आयुष्यात नोंद न ठेवता काही केलेले नाही, लबाडीही नाही. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणाची बाटली कोणी उलटी केली, हे सर्व सह्यांसह नोंदवहीत आहे. शिवाय शेवटी 'शेरा' हा रकाना आहे. त्यात त्या सभासदाने घरी खरोखर थेंब घातले किंवा कसे, हे अर्जदार रोज फिरून, विचारून लिहीत असे. यंत्राशी आम्ही खोटे बोललो, एकमेकांशी नाही. 'झोप लागली.' 'हात थरथरतो, थेंब गालावर पडतो.' 'डोळ्यात झोंबते म्हणून घालत नाही.' 'एकटीच असते, मान कोण धरणार?' हा शेवटचा शेरा सोनूबाईंचा आहे, एकोणचाळीस वेळा. कोणी थेंब का घातले नाहीत, हे टोपऱ्याला कधीच कळले नसते. ते नोंदवहीत आहे आणि ते गंधालीचे आहे.

११. एक ओळ मात्र या नोंदवहीतही खोटी आहे. ती सौ. माणिकची. तिच्या नावापुढे पाच महिने अर्जदाराने स्वतःच्या अक्षरात रोज दोनदा 'होय' लिहिले आहे. घरचेच माणूस, विचारायचे काय, म्हणून विचारले नाही. तिची खरी बाटली त्या काळात फ्रिजच्या दारात सील न फोडता उभी होती. अर्जदाराने ती रोज पाहिली आणि शेजारची दुधाची पिशवी काढून घेतली. सौ. माणिक डाव्या खांद्याने दाराच्या चौकटीला धडकू लागली, चहा कपाच्या डावीकडे ओतू लागली, तेव्हा अर्जदार तिच्यावर खेकसला की, लक्ष कुठे असते. डॉक्टरांनी सांगितले की डाव्या डोळ्याची बाहेरच्या बाजूची नजर गेली आहे आणि ती परत येत नाही. त्या दिवशी रिक्षात ती एवढेच म्हणाली, "माझी बाटली रोज दोनदा उलटी करत होतात ना तुम्ही? मग दोन जिने चढून एकदा तरी माझ्या डोळ्यात घालायचे होते थेंब."  हे कलम विषयाशी संबंधित नाही असे समितीस वाटल्यास ते वगळावे, परंतु अर्जदाराला ते कुठेतरी लिहायचे होते.

१२. सबब विनंती की, गंधालीचा प्रबंध रद्द करू नये. सुनावणीस तिच्याऐवजी अर्जदारास उभे करावे. द्रौपदीबाईही येण्यास तयार आहेत. त्यांना बोलू दिल्यास वेळ जादा ठेवावा. जोडलेली नोंदवही तपासून तिच्या आधारे गंधालीस प्रबंध नव्याने लिहिण्याची मुदत मिळावी. टोपरी आता खऱ्या बाटल्यांवर परत गेली आहेत. यापुढे आकडे वाईट येतील, याची हमी संस्थेतर्फे लेखी देण्यात येत आहे. अर्जदारावर जी कारवाई योग्य वाटेल ती करावी, तक्रार राहणार नाही.

आपला नम्र, आणि या अर्जापुरता तरी पूर्ण खरा,

(सही)
श्यामसुंदर गोविंद कोचरेकर

प्रत माहितीसाठी : कु. गंधाली पेडणेकर. (ही प्रत अर्जदार येत्या गुरुवारी चार वाजता स्वतः तिच्या हातात देईल. ती चिडली तर ऐकून घेईल.)

सोबत :
१. तातडीच्या सभेचे इतिवृत्त, सह्यांसह.
२. पाळीपत्रक, जुलै ते नोव्हेंबर.
३. नोंदवही, मूळ प्रत. त्यातील सौ. माणिक कोचरेकर यांची ओळ अर्जदाराने लाल रेघ मारून रद्द केली आहे.
४. त्या ओळीऐवजी, आमच्या स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने, १९ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी. अर्जदाराने स्वतः सौ. माणिकच्या डोळ्यांत थेंब घातले त्या प्रत्येक दिवशी तिने तिच्या हाताने बरोबरची खूण केली आहे. एकोणसाठ दिवसांपैकी तीन दिवस अर्जदार विसरला. ते तीन चौकोन तिने कोरे ठेवले आहेत आणि अर्जदाराने ते भरलेले नाहीत.