टॉकीजवरून डावीकडे

४ जाने., रवि.
जेवणाच्या टेबलावर आजही ड्रॉइंग शीट. पाच दिवस झाले, आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. हे रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण नगररचनेतला ड्राफ्ट्समन काही घरातून रिटायर होत नाही. सध्याचं खूळ : गाइड नको, कोणाला विचारणं नको, हातात एक कागद घ्यायचा आणि शहराच्या जुन्या तटाचे दरवाजे पायी बघायचे. पैठण गेट ते पाणचक्की, चौदा टप्पे. मुक्ताच्या पुण्याच्या ऑफिसातले आठ जण २५ला येतायत, ते या कागदावर चालणार.
मुक्ता फोनवर म्हणाली, "बाबा, मोबाइलवर सगळं दिसतं." तर म्हणे, "मोबाइलकडं बघत चालले तर दरवाजा कधी बघतील? राजधानी व्हती ही दख्खनची. मान वर करून बघायची असती."
टेबल कधी मोकळं होणार, ते विचारलं. पेन्सिलीला टोक काढत बसले.

६ जाने., मंगळ.
आज माझी परीक्षा. मी 'परकी बाई' व्हायचं आणि कागद वाचत चालायचं. पस्तीस वर्षं या गावात काढून परकं व्हायचं म्हणजे काय! पडेगावहून सिटी बसनं गेलो. हे गुलमंडीवर चहाला बसले, मी पैठण गेटपासून एकटी. गुडघा बोलत होता. रस्त्यात निम्मी दुकानं, निम्म्या गाड्या, माणसानं चालायचं कुठून? तरी एकदाही चुकले नाही. टप्पा ३ : "टॉकीजवरून डावीकडे." वळले. टप्पा ५ : "बर्फाच्या कारखान्याला वळसा." घातला.
"कागद अगदी चोख आहे," म्हटलं. हे एवढे खूश झाले की बसमध्ये खिडकीची जागा मला दिली.

८ जाने.
सकाळी हे दूध आणायला गेले ते अर्ध्या तासानं आले. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णींचं दार वाजवत उभे होते. कुलकर्णी वहिनी हसत सोडायला आल्या. "जिने सारखेच दिसतात हो." आपल्या दाराला हिरवी जाळी आहे, त्यांच्या नाही.
लिहायचं नव्हतं. लिहिलं.

११ जाने., रवि.
मुक्ता आली, सोबत ऑफिसातली श्रेया. नागपूरची, इथं पहिल्यांदाच. म्हणाली, मी करून बघते. नऊला पैठण गेटवर सोडली. वीस मिनिटांत फोन : "काकू, टॉकीज कुठे आहे?"
आणि तेव्हा डोक्यात लख्ख झालं. टॉकीज कुठे आहे? कुठेच नाही! पाडून किती वर्षं झाली, तिथं आता कपड्यांचं तीन मजली दुकान आहे. बर्फाचा कारखाना नाही. पिंपळ नाही. लाल टपालपेटी नाही. चौदा टप्प्यांपैकी नऊ नसलेल्या वस्तूंवरून वळतात. आणि मी, परकी बाई, सगळीकडे बरोबर वळले होते! स्वतःचाच राग आला.
बिचारी श्रेया. उन्हात तासभर फिरली, शेवटी रिक्षा करून आली.
मुक्तानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "आई, बाबांना माहीत आहे ना, टॉकीज पडलीये ते?"
"म्हणजे काय? माहीत असणारच."
"विचारलंस?"

१२ जाने.
विचारलं. भाकरी वाढताना, सहज विचारल्यासारखं. "अहो, ती टॉकीज पडली ना?"
ताट सरकवलं. "मला शिकवती का तू? चाळीस वर्षं त्या गावाचे नकाशे काढले म्या."
हे काही उत्तर झालं नाही. पुन्हा विचारायचा धीर झाला नाही. मुक्तानं पुण्यात बसूनच इथल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, १९ची. मला न विचारता. हिलाही शहाणपण आत्ताच सुचायचं होतं.

१४ जाने., संक्रांत
हळदीकुंकवाला सहा जणी. एकेकीला तिळगूळ देता देता विचारलं, पहिल्यांदा माझं घर कसं सापडलं होतं? एक म्हणाली, जुन्या नाक्यापासून आत. (नाका हलवून जमाना झाला.) एक म्हणाली, विहिरीच्या अंगानं. (विहीर बुजवली, वर बिल्डिंग आहे.) तिसरी फुलंब्रीची, यांची मावसबहीण, "वहिनी, तुम्हीच न्हाई का सांगितलं व्हतं, बाभळीपाशी उतरा म्हणून?" बाभूळ मी आले तेव्हाही नव्हती. मीही ऐकूनच सांगते.
इतकं बरं वाटलं. सगळं गावच असं आहे! लगेच मुक्ताला फोन केला.
ती म्हणाली, "आई, पण त्यांना माहीत आहे की विहीर नाहीये."
फोन ठेवून दिला. सणाच्या दिवशी तरी...

१९ जाने., सोम.
दवाखाना. रिक्षावाल्यानं पत्ता विचारला. माझ्याच तोंडून निघालं, "जुन्या बर्फाच्या कारखान्यासमोर." तो म्हणाला, "हौ, मालूम है," आणि थेट नेलं. विशीतलं पोर, त्यानं कारखाना कुठून बघितला असणार! हे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.
डॉक्टर तरुण, कोल्हापूरकडचे, इथं येऊन आठ महिने. तारीख विचारली, बरोबर सांगितली. शंभरातून सात वजा करत जा म्हणाले, हे माझ्याआधी पोचले. घड्याळ काढायला सांगितलं, ते तर असं काढलं की भिंतीवर लावावं. मग म्हणाले, "काका, इथून घरी कसे जाल ते सांगा."
यांनी सांगितलं. कारखान्यावरून उजवीकडे, पिंपळाखालून, नाक्यावरून आत, विहिरीपाशी उतरायचं.
डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.
मला राहवलं नाही. "डॉक्टर, बरोबर आहे ते. असंच जातात."
"मॅडम, तुम्ही सांगू नका."
काय लिहिलं ते दिसलं नाही. स्कॅन करायचा, महिन्यानं परत यायचं. "आत्ता काहीच ठरवून सांगता येणार नाही," म्हणाले. मग एवढं विचारलंत कशाला?
मला भीती वाटते. एकदा लिहून टाकते, म्हणजे उद्यापासून कामाला लागता येईल.

२२ जाने.
दोन दिवस एकटी गावात जाऊन कागद नव्यानं लिहिला. टॉकीजच्या जागी कपड्यांचं दुकान. पिंपळाच्या जागी एटीएम. टपालपेटीच्या जागी मोबाइलवाला. गुलमंडीचा चहावाला म्हणाला, "चाची, ये दुकानां बी कित्ते दिन रहेंगे?" त्यालाही चिडूनच पैसे दिले. चूक त्याची नव्हती.
श्रेयाला फोनवर वाचून दाखवला. "आता समजतंय, काकू."

२४ जाने., शनि.
टेबल मोकळं झालं. सगळे कागद छापून आले, वर यांनी काढलेला भडकल दरवाजा, एकेक दगड दिसतो. मजकूर माझा. दुपारी चहाबरोबर एक त्यांच्या हातात दिला. म्हटलं, खाडाखोड केली, रागावू नका.
चष्मा लावून पहिल्यापासून वाचला. बोट ओळींवरून सरकत होतं. टप्पा ३वर थांबलं. पुन्हा पहिल्या ओळीवर आलं.
"हा कोणत्या गावचा रस्ता हाय?"
मला टोमणा मारला की खरंच विचारलं? मान वर करून पाहिलं. हे कागदाकडेच बघत होते, कपाळाला बारीक आठी. पस्तीस वर्षं ही आठी बघतेय, आज वाचता येईना.
"आपल्याच," म्हटलं.
"बरं," म्हणाले, आणि चहात बिस्कीट बुडवलं.
उद्या आठला पैठण गेट. म्हणाले, पाहुण्यांच्या पुढं मी चालणार, मला कागद नको. मी त्यांच्या मागोमाग असेन. पर्समध्ये दोन्ही कागद ठेवलेत, नवा पाहुण्यांसाठी, जुना यांना शोधावं लागलं तर.