नावेच्या तळातलं पाणी

५ नोव्हेंबर १९०९, बरुआसागर
भुसावळहून झाशीला बदली झाली तेव्हा वाटलं, आता जन्मभर रेल्वेच्या डब्यांची दारं रंधायची. पण हेडमिस्त्री गोविंदरावांनी हिवाळ्यापुरतं मला इथं तलावावर धाडलंय, साहेबांची शिडाची होडी सांभाळायला! दोन माणसांची, गोजिरी. तळाला लाकडी बूच आहे. होडी काठावर ओढून बूच काढलं की आत साचलेलं पाणी गळून जातं. जेवण बकुळाबाई देतात. पूर्वीच्या होडीवाल्याची, मारुतीची, ही विधवा. माहेर गुरसरायचं, मराठी जुन्या वळणाची; मला मात्र ‘भैया’ म्हणतात. कढी झकास करतात.

७ नोव्हेंबर
सकाळी होडीत वीतभर पाणी. होडी काठावर, बूच काढलेलं, आभाळ निरभ्र. भोक मोकळं असून पाणी गळत नव्हतं. डब्याने उपसलं.

९ नोव्हेंबर
फटींत ताग आणि डांबर भरलं, तरी पाणी. उपसून तळ पुसला तेव्हा बुचाभोवती नखांचे ओरखडे दिसले. आतून.
बकुळाबाईंना विचारलं. भाकरी थापता थापता त्यांनी सांगितलं. गोविंदराव रेल्वेच्या कारखान्यातलं सागवान चोरतात, हे मारुतीने साहेबांच्या कानावर घातलं होतं. महिन्याभरात गोविंदराव त्याला याच होडीतून भर तलावात घेऊन गेले, बूच उपटून पाण्यात फेकलं आणि स्वतः पोहत काठाला आले. मारुतीला पोहता येत नव्हतं. होडी मागाहून वर काढली. बाईंनी घाटावरून सगळं पाहिलं. त्यांचं कुणी ऐकलं नाही.
“पाणी उपसू नका, भैया,” त्या म्हणाल्या. “आमचे त्यात वाट पाहतायत.”

१२ नोव्हेंबर
गोविंदरावांचा निरोप आला. रविवारी होडीतून फिरायला येतो, होडी ठीक आहे ना? मी कळवलं, खडखडीत कोरडी आहे.
उपसणं बंद केलंय.

१४ नोव्हेंबर, रविवार
सकाळी होडी खरोखरच कोरडी होती. दुपारी दोघे निघालो. भर तलावात, बूच घट्ट असताना, तळातून पाणी उसळलं. गोविंदराव ओरडले, “उपस, नीलकंठ, उपस!” डबा माझ्या मांडीवर होता. मी तो तसाच धरून ठेवला आणि त्यांना मारुतीचं नाव ऐकवलं. त्यांचा चेहरा— मग पाण्यातून एक हात आला. बोटांना नखं नव्हती. त्याने त्यांचा पाय धरला.
मी उडी टाकली. काठाला लागेपर्यंत ते माझ्या नावाने हाका मारत होते. बकुळाबाई घाटावर उभ्या होत्या. खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर
प्रेत सापडलं नाही. खोलीत घोट्याएवढं पाणी. बकुळाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या. म्हणाल्या, आमचे आता शांत झाले, भैया. हे पाणी त्यांचं नाही.

१७ नोव्हेंबर
गुडघ्यापर्यंत. दार उघडत नाही— पाणी फटीतूनही बाहेर जात नाही—

दुपार
खाटेवर उभा आहे. खिडकीच्या गजांतून उपसतोय, तेवढंच परत येतंय. खालून त्याच हाका. माझंच नाव. ओरडून सांगितलं, आधी तुम्हीच त्याला—
ऐकत नाहीत.

छाती— वही वर धरलीय. मला पोहता येतं. पण इथं काठ कुठे आ—