काचेपलीकडचे बाबा

बाबा, संशोधनाचे प्रकार शिकवायला मी ऑफिसातल्या नव्या मुलांसमोर उभी राहते, तेव्हा अजून तुमचंच उदाहरण देते. दिल्लीच्या जड पाण्यात आईची तूरडाळ शिजायची नाही आणि ती वैतागलेली असताना तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मला धडा द्यायचात. डाळ का शिजत नाही, हे नुसतं समजून घ्यायचं, ते मूलभूत संशोधन. आजच्या जेवणाआधी ती शिजावी म्हणून उपाय शोधायचा, ते उपयोजित. शेजारणींना विचारत फिरलं तर सर्वेक्षण, दोन पातेल्यांत दोन तऱ्हेचं पाणी घालून पाहिलं तर प्रयोग. शिट्ट्या मोजल्या तर संख्यात्मक, आणि आईला काय वाटतं ते विचारलं तर गुणात्मक. "ते विचारूच नका," आई म्हणायची. तुम्ही हसायचात आणि सांगायचात, "एकच काम दोन खणांत बसू शकतं. आधी बघ, कशासाठी चाललंय. मग त्याला नाव दे." सरकारी संस्थेत जन्मभर हेच शिकवलंत, आणि घरी यायचात ते पुन्हा हेच शिकवायला.

मग बाजार उघडला, परदेशी साबण आले, आणि मी नोएडात एका मार्केट रिसर्च कंपनीत लागले. तेव्हा तिथे सेक्टरांना नुसते आकडे होते, झाडं अजून यायची होती. "हे कुठल्या खणात बसतं गं?" तुम्ही विचारलंत. "उपयोजित, बाबा. फारच उपयोजित," मी तोऱ्यात म्हणाले. तुम्हाला राग आला नाही. तुम्हाला माझं कौतुकच होतं, आणि त्याचीच आज जास्त लाज वाटते.

तो दिवस आठवतो. पिशवीतलं तयार पीठ नुकतं दुकानांत आलंय आणि निवृत्त पुरुषांना त्याबद्दल बोलतं करायचंय. एक जण ऐनवेळी येत नाही. मुंबईहून आलेला क्लायंट काचेमागच्या खोलीत बसलाय. त्या काचेतून आम्हाला चर्चेला बसलेली माणसं दिसतात, त्यांना आम्ही दिसत नाही. मी घरी फोन करते आणि तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून ऑटोने येता. आमच्या धंद्यात पहिला प्रश्न चाळणीचा असतो: घरात कोणी रिसर्चमध्ये किंवा जाहिरातीत आहे का? हो म्हणणाऱ्याला परत पाठवतात. मी तुम्हाला कॉरिडॉरमध्ये गाठून सांगते, "नाही म्हणा. स्वतःचंही नुसतं सरकारी नोकरी एवढंच सांगा."

"अगं, पण तो प्रश्न त्यासाठीच तर असतो."

"प्लीज बाबा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

तुम्ही आत गेलात आणि म्हणालात, "नहीं जी, कोई नहीं." काचेतूनसुद्धा तुमचे लाल झालेले कान मला दिसले. पुढे चर्चा घेणाऱ्याने विचारलं, घरातलं सामान कोण ठरवतं? बाकीच्यांनी बायकोचं नाव घेतलं. तुम्ही तुमच्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणालात, "हमारे यहाँ बेटी. वो जो लाएगी, मैं पूछता नहीं. देख-परख के ही लाया होगा उसने." क्लायंट खो खो हसला. "क्या पीस है यार, ये अंकल कहाँ से मिले?" मी पण हसले. म्हणाले, "बस, मिल गए सर." हे माझे वडील आहेत, एवढे चार शब्द तोंडातून निघाले नाहीत.

परतताना टॅक्सीत तुम्ही रागावला नाहीत. रागावला असतात तर भांडता तरी आलं असतं. बाहेर बघत म्हणालात, "माझं मत अहवालातून काढून टाक. खोटं बोलून आत आलेल्या माणसाचं उत्तर धरायचं नसतं."

"हो बाबा, अर्थात."

अहवालाच्या पहिल्याच पानावर तुमचं वाक्य होतं, खाली 'निवृत्त पुरुष, दिल्ली' असं लिहून. त्यावरूनच जाहिरात निघाली: म्हातारा बाप, पीठ घेऊन येणारी लेक. ती टीव्हीवर लागली तेव्हा आपण जेवत होतो. तुम्ही टीव्हीकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि आईकडे ताक मागितलंत. त्यानंतर माझ्या कामाबद्दल तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या आठवड्यातसुद्धा पगार वेळेवर होतो ना, एवढंच विचारलंत.

हे आईला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. नाही दाखवणार. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते वाक्य खरं होतं, म्हणून मी ते ठेवलं. तसं नव्हतं, बाबा. तुम्ही ते बोलत होतात, तेव्हाच मला कळलं होतं की हे विकलं जाईल.