थेंबभर पाणी

सोमवार, ३ फेब्रुवारी
दूध वापस! भर डेअरीवर, सगळ्यांसमोर. कुलदीपनं किटलीत लॅक्टोमीटर सोडला, तो बुडतच गेला. म्हणतो, "वहिनी, डिग्री लागंना. पाणी हाय." मी आणि पाणी! खंडोबाची आण घेतली, तर मागं कुणीतरी हसलं. पुन्हा असं झालं तर आमचं दूध कायमचं बंद.
बघतेच!

मंगळवार, ४
सासूबाई म्हणतात, "चंद्री गाय आटायलीय. दूधच थोडं, मग डिग्री कुठनं लागंल?" तसं नसतं हो! शाळेत शिकलेलं अजून पक्कं आहे — दूध कमी झालं की वजन कमी होतं, दाटपणा नाही. पेलाभर घ्या नाहीतर टाकीभर! त्यांना पटेना. लोहाऱ्याच्या बाजारात जाऊन लॅक्टोमीटरच घेऊन आले.

बुधवार, ५
धार काढून दूध निवू दिलं. उंच पेल्यात — अठ्ठावीस, म्हणजे निव्वळ दूध. बादलीत — अठ्ठावीस! सासूबाईंना दाखवलं.
किटली भरून उंबऱ्याजवळ ठेवली, साडी बदलून आले. निघताना काय वाटलं कुणास ठाऊक, पुन्हा मोजलं. बावीस!
आज डेअरीवर गेलेच नाही. चोर घरातच आहे. उद्या पकडणार.

गुरुवार, ६
दाराआड उभी राहिले. सासूबाई आल्या, देवघरातलं फुलपात्र किटलीत रिकामं केलं, हात जोडले.
"आत्या, तुम्ही?"
"निव्वळ दूध उंबऱ्याभाईर गेलं की गाय आटती, बाई. माझ्या सासूनं थेंबभर घालाय सांगितलं व्हतं. आता आटायलीच, म्हणून जरा जास्त घालायले."
किटली भरून जायची तेव्हा तो थेंब कुणाला कळला? दूध कमी होत गेलं, यांचं पाणी वाढत गेलं! मी ओरडले. लई ओरडले. त्या फुलपात्र पदराआड धरून ऐकत राहिल्या. यापुढं थेंबसुद्धा नाही, असं बजावलं.

शुक्रवार, ७
अठ्ठावीस! "आता कसं," कुलदीप म्हणाला. मान वर करून घरी आले.
सासूबाई गोठ्यात, चंद्रीच्या पाठीवर हात ठेवून. संध्याकाळी धार आणखी कमी निघाली. "बघ," एवढंच म्हणाल्या. जेवल्या नाहीत.

शनिवार, ८
निघताना फुलपात्रात बोट बुडवलं आणि मीच एक थेंब किटलीत सोडला. सासूबाई बघत होत्या.
डिग्री अठ्ठावीसच लागली.